लगाम कोणाच्या हाती?

एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सैन्य झाशीत शिरल्यावर महाराणी लक्ष्मीबाईंनी दत्तकपुत्र दामोदररावासह रात्री घोड्यावरून किल्ला सोडला. अशा प्रसंगी मनुष्याच्या मस्तकात काय घडते? डोळ्यांनी टिपलेले दृश्य मेंदूच्या मागच्या भागात उमटते. तोफेचा आवाज कानशिलाजवळच्या भागात कळतो. खोगिरावरचा तोल लहान मेंदू सांभाळतो. आत खोलवर बदामाच्या आकाराचे एक केंद्र भय जागवते. कपाळामागचा भाग मात्र विचारतो : आता कर्तव्य कोणते?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात इंद्रियांहून मन, मनाहून बुद्धी आणि बुद्धीहूनही आत्मा श्रेष्ठ म्हटला आहे. मेंदूचे हे सर्व भाग साधने होत; त्यांचा साक्षी निराळा आहे.

म्हणून भय उपजणे हे पाप नव्हे. भयाच्या हाती लगाम देणे हीच हानी होय. रोग, ऋण, वियोग या तोफा गृहस्थाच्या दारीही धडाडतात. त्या वेळी क्षणभर थांबून कर्तव्याचा निश्चय करावा. सहाव्या अध्यायात सांगितलेला अभ्यास हाच त्याचा उपाय. जे वारंवार आचरावे, त्याच्या वाटा मेंदूतही दृढ होतात. राणीसाहेबांनाही घोडेस्वारी एका रात्रीत साधली नव्हती.