अधिकार आणि अधिकारी

'अधिकार' या शब्दाला मराठींत दोन अर्थ आहेत. न्यायाधीशाला शिक्षा देण्याचा अधिकार असतो, हा एक. आणि गाण्याविषयीं बोलण्याचा अमक्याचा अधिकार मोठा, हा दुसरा. पहिला सत्तेचा, दुसरा पात्रतेचा. पहिला हुकुमानें मिळतो, दुसरा तपश्चर्येनें. हे दोन्ही एका शब्दांत सुखानें नांदतात, परंतु एका व्यक्तींत नांदतीलच असा भरंवसा नसतो. हा जुनाच प्रश्न हल्लीं एका अगदीं नव्या ठिकाणीं येऊन उभा राहिला आहे.

मोठ्या संस्थांचें दप्तर आतां संगणकांत असतें. तेथें कोणीं काय पाहावें, काय बदलावें व काय पुसावें याच्या परवानग्या निरनिराळ्या 'रोल'मध्यें, म्हणजे भूमिकांमध्यें, बांधलेल्या असतात. ज्याला जी भूमिका दिली तेवढाच त्याचा अधिकार. कामास लागेल तेवढाच अधिकार द्यावा, तिळभरही अधिक देऊं नये, हें तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९७५ सालींच मांडलें. आतां हीं दप्तरी कामें माणसांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंटही करूं लागले आहेत, आणि "या कामाला कोणती भूमिका पुरेल?" हें त्यांना शोधून देणारीं साधनेंही आलीं आहेत. अशा साधनाचें माहितीपत्रक लिहिणें हें वरवर पाहतां निव्वळ कारकुनी काम; तथापि त्यांत नीतीचा प्रश्न आहे, असें मला वाटतें.

नवा कारकून कचेरींत येतो तेव्हां तो नियमांचें पुस्तक वाचतोच, पण त्याहून अधिक शेजारच्या जुन्या कारकुनाच्या चेहऱ्यावरून शिकतो. कोणत्या कपाटाची किल्ली मागूं नये, हें कोठें लिहिलेलें नसतें. एजंटाला असा शेजार नाहीं. त्या कचेरीपुरतें त्याला जें लिहून दिलें तेंच त्याचें शहाणपण. गुगल क्लाउडमध्यें यंत्रांची नुसती यादी पाहावयाची असेल तर 'कंप्यूट व्ह्यूअर' ही लहानशी भूमिका पुरते. 'एडिटर' ही भूमिका घेतली तरी काम होतेंच. मात्र त्याबरोबर हजारों परवानग्या पदरांत पडतात, आणि तींच यंत्रें पुसून टाकण्याची परवानगीही त्यांत असते. काम उरकणें एवढेंच ज्याचें ध्येय, त्याला या दोहोंत फरक कां दिसावा?

कोणी म्हणेल, उपदेश कशाला? कुलूप भक्कम करा म्हणजे झालें. कुलूप हवेंच, लिहिलेल्या शब्दावर तिजोरी सोंपवीत नाहींत. पण कुलुपालाही मर्यादा आहे. नॉर्म हार्डी यांनीं १९८८ सालीं एका संगणकीय कार्यक्रमाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या कार्यक्रमाला स्वतःच्या नोंदी लिहिण्यासाठीं विशेष अधिकार दिलेला होता. एका वापरणाऱ्यानें आपली माहिती लिहिण्यासाठीं म्हणून त्याला नेमकें बिलांच्या फायलीचें नांव दिलें, आणि त्यानें ती फाईल निमूटपणें खोडून टाकली. कुलूप मोडलें नव्हतें. अधिकार खरा होता. आपण कोणाच्या वतीनें तो चालवीत आहों, एवढेंच त्याला कळत नव्हतें.

आपल्या शास्त्रकारांनीं ग्रंथारंभीं चार गोष्टी सांगण्याचा दंडक घालून दिला आहे: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. साधन काय करतें, कशासाठीं आणि कशाच्या जोडीनें, हें माहितीपत्रकांत बहुधा येतें. हें उत्तर घेऊन पुढें जाण्यास पात्र कोण, हें चौथें अंग सहज गळून जातें. तें लिहावयास पांच वाक्यें पुरतात. हें साधन भूमिका दाखवितें, देत नाहीं. भूमिका सांपडली म्हणजे ती आपल्याला मिळावी असें सिद्ध होत नाहीं. लहान भूमिका न सांपडली तर मोठी घेऊं नये. थांबून माणसाला विचारावें. आणि विचारतांना आपण कोणाच्या सांगण्यावरून विचारीत आहों, तेंही सांगावें.

या वाक्यांनीं एजंट पात्र होईल असें नाहीं. त्याला लाज नाहीं, आणि घडलेल्या नुकसानीची झळही त्याला लागत नाहीं. म्हणूनच पात्रतेचा भार त्याच्यावर टाकतां येत नाहीं. तो भूमिका देणाऱ्यावर आणि माहितीपत्रक लिहिणाऱ्यावर राहतो. त्या लेखकाचें नांव बहुधा कोणाला ठाऊक नसतें, पण दप्तर पुसलें गेलें तर त्यानें गाळलेल्या वाक्याचाही जाब त्याच्याकडे मागतां आला पाहिजे.