अर्धा वाटा

जुन्या सिनेमातल्या बायसेक्शुअल पात्राला बऱ्याचदा एकच काम दिलेलं दिसतं: दुसऱ्याच्या घरातला कंटाळा मोडणं. पासोलिनीच्या ‘तेओरेमा’मध्ये (१९६८) मिलानच्या एका कारखानदाराकडे पाहुणा येतो. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, मोलकरीण, सगळे त्याच्याकडे ओढले जातात. तो कोणालाच नाही म्हणत नाही. मग तो निघून जातो आणि घर विस्कटतं. त्याला नावसुद्धा नाही. त्याला स्वतःला काय हवं होतं, हे कोणी विचारतही नाही.

जॉन श्लेसिंजरचा ‘संडे ब्लडी संडे’ (१९७१) वेगळा आहे. लंडनमधला तरुण कलाकार बॉब एकाच वेळी दोघांच्या प्रेमात आहे: डॅनियल हा मध्यमवयीन ज्यू डॉक्टर आणि अ‍ॅलेक्स ही घटस्फोटित बाई. दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत आहे. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध गुन्ह्याच्या यादीतून अंशतः बाहेर पडले ते १९६७मध्ये. चारच वर्षांनी इथे बॉब आणि डॅनियल चुंबन घेतात, तेही रोजचीच गोष्ट असावी इतक्या सहज.

आपल्याला बॉबचा राग येतो. ‘एक काय ते ठरव ना!’ बायसेक्शुअल माणसाला हे वाक्य नेहमीच ऐकावं लागतं. पण शेवटी बॉब दोघांनाही सोडून अमेरिकेला जातो, तो कामासाठी. एकनिष्ठ प्रियकरही असाच जाऊ शकला असता.

आणि ‘पूर्ण’ नातं तरी कुठे आहे? अ‍ॅलेक्सच्या आईवडिलांचं लग्न टिकलंय. वडील मात्र धंद्यात बुडालेले. आई एकदा त्यांना सोडून गेली होती आणि परत आली. आता ती मुलीला सांगते, की सगळंच्या सगळं कोणालाच मिळत नाही. तिच्याही वाट्याला अर्धंच आलंय, फक्त त्याला लग्न म्हणतात, म्हणून कोणी हिशेब मागत नाही.

कमी मिळणं आणि फसवलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉब कमी देतो, पण खोटं बोलत नाही. म्हणून निवड त्या दोघांच्या हातात राहते. अ‍ॅलेक्स ठरवते, अर्ध्यापेक्षा काहीच नसलेलं बरं. डॅनियल थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतो: लोक म्हणतात त्याने तुला सुख दिलंच नाही, पण मला त्याची आठवण येते. मला दोघंही पटतात. दोघांनी डोळे उघडे ठेवून ठरवलंय. कंटाळलेल्या किती जोडप्यांना हे म्हणता येईल?