कागद कोणी शोधायचा?

2025 च्या गणपतीत अंबाजोगाईला एका मंडळाच्या व्याख्यानाला गेलो होतो. परळीकराने शहाणपण ऐकायला अंबाजोगाईला जायचे ही जुनी रीत आहे. विद्या तिकडे आणि औष्णिक केंद्राची राख इकडे, अशी वाटणी आधीच्या पिढीनेच करून ठेवली आहे. वक्ते माझे जुने स्नेही, निवृत्त प्राध्यापक. विषय होता आप्रवास आणि परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा. तो 1 सप्टेंबरला लागू झाला होता आणि स्नेह्यांचा आवाज टिपेला पोचला होता. शेवटी त्यांनी विचारले, "कर नाही त्याला डर कशाला? ज्याचे कागद साफ आहेत त्याने घाबरायचे कारणच काय?" टाळ्या पडल्या. दोन मीही वाजवल्या, मैत्री जपावी लागते. एसटी घाट उतरू लागली तेव्हा मात्र तो प्रश्न डाचायला लागला.

कारण माझी जन्मतारीख 1 जून आहे. आमच्या वर्गात ती निम्म्याअधिक पोरांची होती. आई सांगायची, तू ज्वारीच्या काढणीत झालास, म्हणजे बहुधा माघात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वडिलांकडे पाहिले, पोराकडे पाहिले आणि 1 जून लिहून टाकले. त्याच तारखेवर मी नोकरी केली, निवृत्त झालो, आता पेन्शन खातो. माझ्या घरातला सगळ्यात साफ कागद हाच सगळ्यात खोटा कागद आहे.

आता कायद्याकडे येतो. 1920, 1939, 1946 आणि 2000 सालचे चार कायदे मोडून हा एक केला. पासपोर्टाशिवाय शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, बनावट कागद वापरल्यास दोन ते सात वर्षे. यावर माझे भांडण नाही. भांडण आहे ते 1946 च्या कायद्यातल्या नवव्या कलमाशी, जे नव्या कायद्यानेही जपून ठेवले. खिसा कापल्याचा आरोप असला तर तो सरकारने सिद्ध करायचा. पण 'तू परदेशी आहेस' असा आरोप असला तर 'मी नाही' हे आरोपीने सिद्ध करायचे. इंग्रज जाता जाता हे कलम ठेवून गेला आणि वसाहतीचे जोखड फेकल्याच्या घोषणा देत आपण ते नव्या बाडात शिवून घेतले. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सिद्ध करायचा भार सरकारवर टाकणारा आसामपुरता कायदा रद्द केला, तेव्हा युक्तिवाद असा होता की जन्म कुठे झाला हे ज्याचे त्यालाच नीट ठाऊक असते. न्यायालयाचा मान राखून म्हणतो, स्वतःचा जन्म आठवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

इथे माझ्या आवडत्या विरोधकाला बोलावतो. डॉ. पंजाबराव देशमुख. ऑक्सफर्डला वेदवाङ्मयावर प्रबंध लिहिलेला हा विदर्भाचा कुणबी. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवीचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून उभा राहिला. 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, पुढे दहा वर्षे देशाचा कृषिमंत्री होता. आणि हाच माणूस 11 ऑगस्ट 1949 ला घटना समितीत म्हणाला की या मसुद्याने भारताचे नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल. नुसते इथे जन्मणे किंवा पाच वर्षे राहणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. त्यांची दुरुस्ती अशी होती की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख, तो कुठेही राहत असो, भारताचा नागरिक व्हावा. देवळाचे दार उघडायला निघालेला माणूस देशाच्या दाराशी कडी घेऊन उभा राहिला. समितीने दुरुस्ती फेटाळली. घटना अमलात येताना नागरिक कोण एवढेच हे कलम सांगते, पुढचे संसद ठरवील, असे आंबेडकरांचे म्हणणे होते.

संसदेने ठरवलेही. 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्याचा आई किंवा बाप नागरिक असावा लागतो. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. मतदानात हरलेले पंजाबराव पंचावन्न वर्षांनी अर्धे जिंकले.

त्यांना झोडपायचे ठरवूनच मी लिहायला बसलो होतो. पण त्या भाषणातली काळजी खोटी नव्हती. फाळणीची जखम ओली होती आणि नागरिकत्व म्हणजे जत्रेतला प्रसाद नव्हे, हे म्हणण्यात पाप नाही. बोगस दाखला म्हणजे काय, हे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना कोणी शिकवायला नको. कुंपण असावे, दारावर माणूस असावा, इथपर्यंत मी पंजाबरावांच्या बाजूला सरकलो आहे. स्नेह्यांनी ही कबुली जपून ठेवावी, वारंवार मिळणार नाही. प्रश्न उरतो तो कुंपणाच्या आत उभ्या असलेल्या माणसाचा. त्याचा कागद कोणी शोधायचा?

याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळाले. 1 सप्टेंबरला कायदा लागू झाला आणि 2 सप्टेंबरला मुंबईत आझाद मैदानावरच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणापुढे सरकारने हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून कुणबी दाखला देण्याचा, शासन निर्णय काढला. त्याआधी दोन वर्षे न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत होती. मोडी वाचणारे आणले, उर्दू-फारसी जाणणारे आणले, निजामाचे दप्तर धुंडाळले. आता गावपातळीवर समिती. जमिनीचा कागद नसेल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून इथे राहतो असे प्रतिज्ञापत्र चालेल, गावातल्या वा कुळातल्या कुणब्याने आपले नाते सांगितले तरी चालेल. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसले ते इतकेच की कागद नसलेल्या माणसाला काय लागते हे सरकारला पक्के ठाऊक आहे. विदर्भातल्या मराठ्यांना कुणबी म्हणून नोंद घ्यायला पंजाबरावांनीच लावले, असे आमच्याकडे हल्ली सभासभांतून सांगतात. कागदाची किंमत त्या माणसाने दोन्ही बाजूंनी ओळखली होती.

मैदानात लाखो बसले की कागद सरकार शोधते. कोठडीत एकटा बसला की त्याने शोधायचा.

आमच्या गल्लीमागे ऊसतोडीला जाणारी एक बाई आहे. तिचे सगळे कागद युरियाच्या धुतलेल्या पिशवीत असतात. रेशनकार्डावर सखुबाई, आधारवर सकू, मतदार यादीत नवऱ्याच्या जागी सासऱ्याचे नाव. धाकटा पोरगा कर्नाटकातल्या फडावर, कोपीत झाला. बाळंतपणाच्या सातव्या दिवशी ती मोळ्या बांधत होती. ग्रामपंचायतीत नोंद करायला एक कोयता रिकामा ठेवणे मुकादमाला परवडणारे नव्हते, उचल फिटायची होती. पोरगा शाळेत गेला आणि त्यालाही 1 जून चिकटला. आता जन्मदाखला काढावा, तर 2025 च्या जानेवारीत बांगलादेशींना दाखले दिल्याच्या आरोपांवरून सरकारने एसआयटी नेमली आणि उशिराचे दाखलेच थांबवले. पुढे नवी पद्धत आली, पुरावे वाढले. तिच्या पिशवीत मात्र तेवढेच कागद आहेत.

स्नेही म्हणतील, तिला कोण बांगलादेशी म्हणतो? खरे आहे, कोणी म्हणणार नाही. टाळ्या पडतात त्या याच भरवशावर. आपल्याला कोणी विचारणार नाही, विचारतील ते बंगाली बोलणाऱ्या गवंड्याला. 2025 च्या जूनमध्ये मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या बंगालच्या काही जणांना पोलिसांनी धरले, सीमेवर नेले आणि ते पलीकडे ढकलले गेले. त्यांच्या राज्याने कागद दाखवल्यावर परत आणावे लागले. त्यांना 'कर' नव्हता. 'डर' बाळगायचा की नाही, हे कोणी विचारले नाही.

ज्यांना कोणताच देश घेत नाही, त्यांना किती दिवस डांबायचे? आसामातल्या स्थानबद्धांना तीन वर्षांनी जामिनावर सोडायची वाट 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढली, 2020 च्या साथीत ती दोन वर्षांवर आणली. मर्यादा आली ती न्यायालयाकडून. त्याच 2019 मध्ये आपल्याकडे नेरूळला स्थानबद्धता केंद्र करायची तयारी चालली होती.

आमचे आजोबा रझाकारीत रातोरात निजामाची हद्द ओलांडून बार्शीला गेले. अंगावरच्या धोतराखेरीज पुरावा नव्हता. बार्शीने भाकरी दिली, दाखला मागितला नाही. पुढे परत येऊन ते परळीतच राहिले आणि राज्ये त्यांच्यावरून गेली: निजामाचे हैदराबाद, भारतातले हैदराबाद, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई, 1960 मध्ये महाराष्ट्र. गाव तेच असताना माणूस इतक्या सरकारांचा होतो, तिथे कागद साफ असणे ही बढाई मारायची गोष्ट नाही.

म्हणून सरकारकडे एकच मागणे आहे. 1 सप्टेंबरच्या कायद्याला 2 सप्टेंबरच्या निर्णयाची रीत लावा. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या गावात समिती पाठवा, शेजाऱ्यांना विचारा, दप्तर तुम्ही उघडा. एवढे करूनही तो परका ठरला तर खुशाल परत पाठवा, मी पंजाबरावांच्या शेजारी उभा राहीन. पण डांबायचे दिवस आधी कायद्यात लिहा. आणि स्नेह्यांनी पुढच्या व्याख्यानाला निघण्यापूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची स्वतःची जन्मतारीख एकदा पाहून घ्यावी. मला ती माहीत आहे. आम्ही एकाच वर्गात होतो.