पकडीचं मोल

गंगाखेड, सेलू, पाथरीकडच्या कुठल्याही गावात कबड्डीचा सामना बघायला उभं राहा, टाळ्या पडतात चढाईपटूला. कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या पोराकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. सामना खरा कळतो तो मात्र त्याच्याकडे बघूनच.

त्याची नजर चढाईपटूच्या पायांवर खिळलेली असते, शेजाऱ्याचं मनगट हातात असतं. चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, की तो घोट्यावर झेपावतो आणि मध्यरक्षक आतून धडक देतो. किंचित घाई झाली तर चढाईपटू मध्यरेषा गाठतो, आणि मदतीला धावलेलेही बाद होतात. एवढी जोखीम घेऊन पकड साधली, तर गुण एक. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना साधलेल्या अव्वल पकडीला दोन. चढाईपटू मात्र एका दमात तीन-चार गडी टिपून येतो. म्हणूनच प्रो कबड्डीत प्रदीप नरवालच्या नावावर चढाईचे १८०० गुण जमतात, तर फझल अत्राचलीसारख्या अव्वल कोपरारक्षकाला पकडीचे ५०० गाठायलाही अनेक हंगाम लागतात.

अमेरिकी फुटबॉलमध्येही हीच रीत. तिथे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच जमिनीवर पाडणं म्हणजे ‘सॅक’. बचावपटू डीकन जोन्सने हे काम आयुष्यभर केलं, पण तिथल्या लीगने सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली १९८२ मध्ये. तो तर १९७४ मध्येच निवृत्त झाला होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा तिथला सर्वोत्तम खेळाडूचा मान आजवर दोनच बचावपटूंना मिळाला: १९७१ मध्ये ॲलन पेज आणि १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर.

याचं कारण असं, की आपण घडलेलं मोजतो, टळलेलं मोजत नाही. कोपऱ्याच्या धाकाने चढाईपटू तीस सेकंद घुटमळून रिकामा परतला, तर त्या कोपरारक्षकाच्या खात्यावर काहीच पडत नाही. काळ्या रानातल्या बांधाचंही असंच आहे: फुटला तर साऱ्या गावाला कळतो, टिकला तर त्याने किती माती राखली हे कुणी विचारत नाही.

आणि ही चूक महागात पडते. १९९० पासून आशियाई स्पर्धेत सलग सात सुवर्णपदकं मिळवणारा भारताचा पुरुष संघ २०१८ मध्ये जाकार्तात उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. आपल्या संघात नावाजलेले चढाईपटू होते, महाराष्ट्राचा कोपरारक्षक गिरीश ईर्नाकही होता. इराणच्या बचावाने आपल्या चढायांची धार बोथट केली, आणि गुण मिळेनासे झाल्यावर नुसत्या नावांचा उपयोग झाला नाही.

म्हणून परभणीतल्या शाळांना आणि क्रीडा मंडळांना माझं सांगणं आहे: गुणपत्रिकेत रिकाम्या परतलेल्या चढायाही लिहा, आणि त्या कोणत्या कोपऱ्याने परतवल्या तेही लिहा. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस चढाईच्या बक्षिसाइतकंच ठेवा. ज्या कामाची नोंद होते त्याच कामात मुलं जीव ओततात. या जिल्ह्यातून मोठा कोपरारक्षक घडवायचा असेल, तर सुरुवात गुणपत्रिकेतल्या त्या नव्या रकान्यापासून करावी लागेल.