दोघांचे हक्क आणि तिसऱ्याचे भय

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात व्हॅलियंट नावाचे एक लहान गाव आहे. गावाजवळ कागदाची मोठी गिरणी, आणि भोवतालचा मुलूख रानाचा, म्हणून शिकारीचा. कामावर येतानाच मोटारीत बंदूक टाकावी आणि पाळी संपली की परस्पर रानाची वाट धरावी, ही तेथील कित्येकांची वडिलांपासून चालत आलेली सवय. २००२ च्या ऑक्टोबर महिन्यात गिरणीच्या मालकांनी, म्हणजे वेअरहाउझर कंपनीने, हुंगून शोध घेणारी कुत्री आणवून आवारात उभ्या असलेल्या मोटारींची झडती घेतली. ज्यांच्या मोटारींत बंदुका निघाल्या अशा दहाबारा माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांत काही कंत्राटदारांचे नोकर होते. कोणी कोणावर बंदूक रोखलेली नव्हती, कोणी गिरणीच्या दाराआत ती आणलेली नव्हती. ती बंद मोटारीत होती आणि मोटार मालकाच्या जमिनीवर उभी होती, एवढाच अपराध.

त्यांपैकी काहीजण न्यायालयात गेले आणि २००६ साली संघराज्याच्या अपील न्यायालयात हरले. परंतु त्यापूर्वीच, २००४ साली, ओक्लाहोमाच्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून टाकला होता: कुलूपबंद मोटारीत बंदूक ठेवण्यास मालकाने मनाई करू नये. आता कंपन्या न्यायालयात धावल्या. २००७ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी त्यांचे म्हणणे मान्य करून मनाई हुकूम दिला. कामाच्या जागी सुरक्षितता राखण्याचे कर्तव्य संघराज्याच्या कायद्याने मालकांवर घातले आहे, राज्याचा कायदा त्याच्या आड येतो, असे त्यांचे मत पडले. २००९ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि राज्याचा कायदा कायम केला. पुढे ही लाट पसरली. आज वीसहून अधिक राज्यांत या ना त्या स्वरूपाचा असा कायदा आहे.

वकिलाच्या दृष्टीला हा सरळ दोन हक्कांचा झगडा दिसतो. एकीकडे ‘जागा माझी, अटी माझ्या’ म्हणणारा मालक आणि दुसरीकडे ‘मोटार माझी, आतले सामान माझे’ म्हणणारा नोकर. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने अमेरिकन नागरिकास शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे खरा, आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचेही ठरविले. पण हे बंधन सरकारवर आहे, खाजगी मालकावर नाही. म्हणूनच नोकरांना घटनेच्या बळावर काही मिळेना आणि विधिमंडळांकडे जावे लागले.

या विधिमंडळांनी जे केले त्यात एक मौज आहे. अमेरिकेत बहुतेक सर्व राज्यांत नोकरी ही मालकाच्या मर्जीची असते. आज सकाळी कारण न सांगता ‘उद्या येऊ नकोस’ म्हटले, तर कायद्याला त्यात गैर काही दिसत नाही. वंश, धर्म, लिंग, वय अशा मोजक्या कारणांवरून काढता येत नाही, एवढेच. वीस वर्षे चोख काम केलेल्या माणसाला या यादीत स्थान नाही. आजारी आईसाठी चार दिवस अधिक राहिलेल्या मुलाचे स्थान जेमतेम. पण मोटारीतल्या पिस्तुलाला स्थान मिळाले. मिसिसिपी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निर्णय दिला, की कुलूपबंद मोटारीत बंदूक ठेवली म्हणून काढून टाकलेला नोकर मालकावर दावा लावू शकतो. कामगारांच्या वतीने काही वर्षे वकिली केलेला मी, नोकराला कोणतेही संरक्षण मिळाले की मनात आनंदतो. येथे मात्र हा आनंद घशात अडकतो.

नोकरांची बाजू पोकळ आहे असे कोणी समजू नये. रात्रपाळी संपवून पहाटे दोनला निर्जन रस्त्याने चाळीस मैल एकटीने घरी जाणाऱ्या बाईचा विचार करा. तिला बंदूक दवाखान्यात नको आहे, ती रस्त्यासाठी हवी आहे. पण वाहनतळावर बंदी असली म्हणजे ती घरापासून घरापर्यंत निःशस्त्र झाली. आठ तासांचा मालक तिच्या येण्याजाण्याचाही मालक होऊन बसला. शिवाय झडतीची ती कुत्री! माणसाच्या मोटारीभोवती कुत्री फिरवून तिच्या पोटात काय आहे ते पाहणे, यात जो अपमान आहे तो बंदूक न बाळगणाऱ्यालाही कळतो. शस्त्र आणि स्वाभिमान यांची सांगड आपल्यालाही परकी नाही. १८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्याचा सल आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात इतका खोल होता, की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. पुढे १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत श्री. ह. वि. कामत यांनी तो आग्रहाने मांडला आणि डॉ. आंबेडकरांनी तो स्वीकारला नाही. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने शस्त्र हा परवान्याचा विषय राहिला.

हे सारे मान्य करूनही मला वाटते, की अमेरिकन विधिमंडळांनी हिशेब दोघांचा केला आणि त्याचे देणे तिसऱ्याच्या नावे लिहिले.

फ्लॉरिडाचा २००८ चा कायदा वाचून पाहावा. शस्त्राचा परवाना असलेल्या नोकराला मोटारीत बंदूक ठेवण्याची मुभा आहे. ‘तुझ्या मोटारीत बंदूक आहे काय?’ असे तोंडी किंवा लेखी विचारण्याचीही मालकाला मनाई आहे. आणि या कायद्याप्रमाणे वागताना पुढे काही अनर्थ ओढवला, तर मालकावर दिवाणी जबाबदारी नाही. किती व्यवस्थित तडजोड! एकाला बंदूक मिळाली, दुसऱ्याला अभय मिळाले. शेजारच्या मेजावर बसून काम करणाऱ्या तिसऱ्या माणसाला काय मिळाले? तो जागेचा मालक नाही, बंदुकीचाही नाही. गोळी लागली तर मात्र ती त्याला लागण्याचा संभव सर्वांत अधिक. त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याच्या वतीने ज्याने विचारावे त्याचे तोंड कायद्याने बांधले.

८ जुलै २००३ रोजी मिसिसिपीतील मेरिडियन येथे लॉकहीड मार्टिन कंपनीच्या कारखान्यात नीतिनियमांच्या शिक्षणाची एक बैठक चालू होती. एक कामगार बैठकीतून उठला, बाहेर आपल्या गाडीकडे गेला, गाडीतल्या बंदुका घेऊन परत आला. सहा सहकारी मारले गेले आणि शेवटी त्याने स्वतःला संपविले. त्याच राज्याने तीन वर्षांनी, २००६ साली, वाहनतळावरील बंदुकीला कायद्याचे कवच दिले. ‘ज्याला खून करावयाचा आहे तो काय फलक वाचून थांबतो?’ असे विचारले जाते. ठरवून आलेला थांबत नाही, हे खरेच. परंतु न्यायालयात आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक असते, की संताप फार काळ एका उंचीवर राहत नाही. बंदूक घरी असली तर घर चाळीस मैल दूर असते, आणि चाळीस मैलांत एखादा रेल्वेचा फाटक लागतो, मुलीच्या शाळेवरून जावे लागते, निदान गाडीतले तेल संपते. बंदूक आवारात असली म्हणजे मध्ये फक्त शंभर पावले उरतात.

ही शंभर पावले मी एकदा खिडकीतून पाहिली आहेत, तेव्हा त्यांचे मोल मला कळले नव्हते. बेळगावजवळच्या एका कारखान्यात अंतर्गत चौकशीचा अधिकारी म्हणून मला नेमले होते. कामगारावर वारंवार गैरहजेरीचा आरोप होता. शेवटच्या बैठकीत व्यवस्थापक नको ते बोलून गेले. तो मनुष्य लाल झाला, उठला, म्हणाला, “वकीलसाहेब, जरा थांबा, आलोच,” आणि तडक बाहेर पडला. खिडकीतून दिसत होते: तो पटांगण ओलांडून आपल्या स्कूटरकडे गेला, डिकी उघडली, आत हात घालून काही शोधू लागला. आम्ही खोलीत चहा पीत होतो. व्यवस्थापक माझ्याशी पावसाविषयी बोलत होते. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पत्नीच्या दवाखान्याचे कागद होते, रबराने बांधलेले. ते चौकशीच्या कामी आले की नाही, हा निराळा विषय आहे. पण त्या चार मिनिटांत आमच्यापैकी एकाच्याही मनाला भय शिवले नव्हते. हा आमचा मोठेपणा नव्हे आणि त्या कामगाराचा सज्जनपणाही नव्हे, कारण तो सज्जन आहे की नाही हे आम्हांला ठाऊकच नव्हते. त्या डिकीत काय असू शकते याची आमची कल्पनाच कागदापलीकडे, फार तर जेवणाच्या डब्यापलीकडे, जात नव्हती.

माझी भाची टेक्सासमध्ये एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या राज्यात असा कायदा २०११ पासून आहे. तिच्या विभागातील एकाला कामावरून कमी केले, त्या दिवशी वरिष्ठांनी इतरांना दोन तास आधी जेवावयास जाण्यास सांगितले. कारण कोणी बोलून दाखविले नाही. सर्वजण उपाहारगृहाच्या मागच्या भिंतीशी, काचेपासून दूर बसले. तो गृहस्थ शांतपणे खोके मोटारीत ठेवून निघून गेला. “मामा, तो फार चांगला होता,” ती दूरध्वनीवर मला सांगत होती, “आणि मी त्याला निरोपसुद्धा दिला नाही.” भयाची ही किंमत कोणत्याही न्यायालयात मोजली गेलेली नाही.

कायदे करणाऱ्यांना हे भय मुळीच कळत नाही असे नाही. फ्लॉरिडाच्या कायद्यातून शाळा, तुरुंग, अणुवीजकेंद्रे, स्फोटके वापरणारी स्थळे वगळलेली आहेत. डिस्नेच्या प्रचंड करमणूकनगरीने, आपल्याकडे आतषबाजीच्या दारूचा परवाना आहे, या आधारावर सवलतीवर हक्क सांगितला. जेथे दारूगोळा जपावयाचा तेथे बंदूक नको आणि जेथे नुसती माणसे आहेत तेथे चालेल, असा याचा अर्थ होतो. सरकारचे धोरणही काही निराळे नाही. ओक्लाहोमाच्या मालकांना ज्या अपील न्यायालयाने २००९ साली परत पाठविले, त्याच न्यायालयाने २०१५ साली कोलोराडोतील एका टपालकचेरीच्या वाहनतळावरील बंदुकीची बंदी उचलून धरली. तेथील फिर्यादी आडगावचा होता. त्याच्या घरी टपाल येत नसे, आणि पत्रे आणावयास जाताना मोटारीत पिस्तूल असावे एवढेच त्याचे मागणे होते.

मसुदा करण्याचे काम कोणी माझ्यावर सोपविले असते, तर मी यूटा राज्याच्या वाटेने गेलो असतो. तेथील कायद्याने मालकाला एक पर्याय दिला आहे. त्याने नोकरांसाठी जवळच, वेगळा आकार न घेता, मोटारी लावण्याची दुसरी जागा करावी, किंवा शस्त्रे ठेवण्याची देखरेखीखालची सुरक्षित कोठडी द्यावी. मग आपल्या मुख्य आवारात त्याला बंदूक नाकारता येते. रात्री घरी जाणारी बाई आपले पिस्तूल घेऊन जाईल. कुत्री लागणार नाहीत. आणि संतापाला पहारेकऱ्याजवळ किल्ली मागावी लागेल. यात खर्च आहे, गैरसोय आहे, आणि ती मालक व शस्त्रधारी या दोघांनी वाटून घ्यावयाची आहे.

हे मी भाचीला सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कोठडी असली तर निदान तिच्याकडे कोण जातो ते आम्हांला दिसेल, मामा.”