रसविघ्न आणि गाणे ऐकण्याची जागा

गाणे ऐकायला चांगली जागा कोणती, या प्रश्नाला आपल्या परंपरेत दोन उत्तरे मिळतात. नाट्यशास्त्र सांगते, आधी मंडप नीट उभारा, मग प्रयोगाला हात घाला. भक्तिसंप्रदायाला मंडपाची अट मान्य नाही. पद्मपुराणात विष्णू नारदाला सांगतो की आपला मुक्काम वैकुंठात नाही, योग्यांच्या हृदयातही नाही. भक्त गातात तिथे आपण असतो. म्हणजे एका मताने जागा गाण्याला घडवते, दुसऱ्या मताने गाणे जागेला. छत्रपती संभाजीनगरात हा वाद पोथीपुरता राहत नाही. शहराच्या उत्तरेला डोंगरात लेणी आहेत, दक्षिणेला एकनाथांचे पैठण आहे, आणि मधल्या गारखेडा-पुंडलिकनगरसारख्या वस्त्यांमध्ये भजन-कीर्तनाचे मांडव घरांना खेटून पडतात.

भरताने नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाची मापे दिली आहेत. माणसांसाठी योग्य म्हणून त्याने मध्यम आकाराचे गृह सांगितले: 64 हात लांब, 32 हात रुंद. त्यातला मागचा अर्धा भाग रंगमंच आणि नेपथ्यगृहाचा, पुढचा अर्धा प्रेक्षकांचा. हात दीड फुटाचा धरला तर शेवटच्या रांगेतला माणूस रंगमंचापासून सुमारे 48 फुटांवर बसतो. याहून मोठे गृह बांधू नये, कारण त्यात उच्चार विस्कटतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचा भाव दिसेनासा होतो, असे कारणही त्याने दिले आहे. दिमाखाचा विचार इथे मागे आहे. मोजमाप ठरते ते शेवटी बसलेल्याच्या कान-डोळ्यांवरून. पुढे तो म्हणतो, मंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, वारा आत खेळू नये, म्हणजे आवाजाला गांभीर्य येते.

गुहेत आवाजाचे काय होते, हे वेरूळच्या दहाव्या लेण्यात कळते. लोक त्याला सुतार झोपडी म्हणतात, कारण कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. समोर स्तूप आणि त्याला लागून बसलेली बुद्धमूर्ती. इथे कोणी एक स्वर लांबवला की तो बेसाल्टच्या भिंतींवरून परत येतो आणि थांबल्यावरही काही क्षण रेंगाळतो. सावकाश पठणाला ही जागा वरदान आहे. पण द्रुत तान घेतली किंवा तबल्याचे बोल जलद वाजवले तर आधीचा आवाज विरण्यापूर्वी पुढचा येऊन आदळतो आणि सगळा गोळा होतो. हार्वर्डच्या वॉलेस सबाइनने 1895 नंतर हा रेंगाळणारा काळ मोजून दाखवला आणि त्या आधारे 1900 साली बोस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. गाद्या, पडदे आणि बसलेली माणसे आवाज शोषून घेतात, हा त्याच्या शोधाचा गाभा. संगमरवरी फरशीच्या सभामंडपात सतरंजी अंथरली आणि माणसे दाटीने बसली की शब्द स्पष्ट होतात, ते याच कारणाने. एकच जागा सर्व गाण्यांना चांगली असू शकत नाही, हेही त्यातून निघते. कीर्तनाचे तर दुहेरी दुखणे: निरूपणाला कोरडी, लवकर गप्प होणारी जागा हवी आणि नामगजराला थोडी घुमणारी.

तरीही आवाज स्वच्छ पोचला म्हणजे रस आला असे होत नाही. या ठिकाणी दहाव्या-अकराव्या शतकातला काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त उपयोगी पडतो. त्याच्या मते रस बाहेरून भरावा लागत नाही, वाटेतली विघ्ने दूर झाली की तो अनुभवाला येतो. नाट्यशास्त्रावरील टीकेत त्याने अशी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यातली दोन थेट जागेशी भिडतात: प्रतीतीची साधनेच अपुरी असणे आणि जे प्रतीत होते ते स्पष्ट नसणे. तिसरे अधिक खोल आहे. श्रोता स्वतःच्या सुखदुःखात अडकलेला असतो. घरची काळजी, देणे, आजारपण त्याच्याबरोबर आत येते. त्यावर उपाय म्हणून गीत-वाद्य आणि सजवलेला मंडप हवा, असे तो म्हणतो, कारण या गोष्टी सर्वांना सारख्याच भोगता येतात आणि माणसाला त्याच्या खासगी कोशातून बाहेर काढतात. जागेच्या सजावटीला एवढे गंभीर तत्त्वज्ञानात्मक कारण क्वचितच कुणी दिले असेल. तंत्रालोकात तो आणखी पुढे जातो: गाणे किंवा नृत्य एकत्र अनुभवणाऱ्यांची जाणीव एकवटली की प्रत्येकाचा आनंद वाढतो, आणि त्यात एकही जण तन्मय नसला तर भंग होतो.

भक्तीचे उत्तर या ठिकाणी शास्त्राच्या उत्तराला येऊन मिळते. वारकरी कीर्तनात मागचे टाळकरी, मृदंगी आणि समोरचा श्रोता यांच्यात तिकिटाची किंवा पायरीची भिंत नसते. नामगजरात श्रोताच गायक होतो. पंढरपूरला वाळवंटात भिंतीही नाहीत, छतही नाही, तरी रसभंग होत नाही, कारण एकवटण्याचे काम तिथे लोकच करतात. एकनाथांनी भारुडे रचली ती चौकातल्या माणसासाठी. पण वाळवंटावरून भिंती निरुपयोगी ठरवणे चूक होईल. तशी एकवट रोजच्या जमावात नसते, आणि जिथे ती कमी तिथे वास्तूला अधिक काम करावे लागते. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी कैलास लेण्याच्या आवारात होत असे, पुढे तो शहरात सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. अशा मोकळ्या जागेत परत येणारा आवाज जवळजवळ नसतो, सगळी भिस्त ध्वनिक्षेपकावर. तिथला तंत्रज्ञ हा एका अर्थाने वास्तुविशारदच असतो.

वेळ हाही जागेचा भाग आहे. दरबारी, मालकंस हे रात्रीचे, ललित पहाटेचा. 1953 साली पुण्यात भीमसेन जोशींनी सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र गाणे चाले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. काही ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. उत्तररात्रीचे राग उघड्या मांडवातून गेले, ही मोठी हानी आहे. तरीही नियम योग्य वाटतो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा ज्यांच्यासाठी आहे, ते शेजारचे आजारी, परीक्षेचे विद्यार्थी, रात्रपाळी करून झोपलेले कामगार श्रोते म्हणून आलेलेच नाहीत. तन्मयता लादता येत नाही. न ऐकणाऱ्याच्या कानावर आदळलेले नाम त्याला विघ्नच वाटणार.

पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीतल्या मांडवाला म्हणून दोन्ही कसोट्या लावाव्या लागतात: शेवटच्या ओळीतल्या आजीला ओवीचा शब्द कळावा आणि पलीकडच्या घरात तो घुसू नये. कोपऱ्यात दोन भले मोठे स्पीकर रचून हे साधत नाही. पुढच्यांचे कान बधिर होतात आणि मागच्यांना नुसता गोंगाट मिळतो. चार-सहा लहान डबे मांडवातच अंतराअंतरावर, श्रोत्यांकडे झुकवून, कमी आवाजात ठेवले, बाजूंना जाड पडदे सोडले आणि खाली सतरंजी घातली, तर दोन्ही बऱ्याच अंशी जमते. टाळांचा आवाज मुळातच तीक्ष्ण असतो. त्यांना मायक्रोफोनची गरज नसते, निरूपणकाराला असते.