गव्हाणीची खूण

लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची हकिगत अगदी थोडक्यात आहे. रात्री रानात मेंढरं राखत मेंढपाळ जागे आहेत. एकाएकी देवदूत पुढ्यात उभा राहतो, भोवती लख्ख उजेड पडतो आणि मग देवदूतांचा मेळाच्या मेळा स्तुती गाऊ लागतो. एवढा सगळा थाट झाल्यावर तारणारा ओळखायची खूण कोणती सांगावी? तर एक तान्हं मूल बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेलं दिसेल. मूल बोलेल, त्याच्या अंगातून तेज फाकेल, असं काही नाही. मेंढपाळ जातात, तेवढंच पाहतात आणि मानतात. सगळा चमत्कार बाहेर रानात झाला; बाळाजवळ एकही झाला नाही.

नाताळचं नवल मला या खुणेतच दिसतं. आम्ही ख्रिस्ती माणसांनी मात्र ते तिथून उचललं आणि चांदणीच्या आकाशकंदिलात, केकमध्ये आणि अलीकडे मोबाइलवरच्या शुभेच्छांमध्ये नेऊन ठेवलं. सण म्हणून यात वावगं काही नाही. लेकरांना नवे कपडे हवेतच, करंज्याही हव्यात. पण ऐकून ऐकून गोष्ट इतकी गुळगुळीत झालीय, की गव्हाण म्हणजे कापूस लावलेला एक सुबक देखावा असंच वाटायला लागतं.

अंबाजोगाईच्या आसपासच्या खेड्यांत गव्हाण काय असते हे सांगावं लागत नाही. दगडामातीची, नाहीतर लाकडी. तळाशी कडब्याची चघळून टाकलेली बुडखं, जनावराच्या लाळेनं ओलसर झालेली, वर पेंडीचा आंबूस वास. कडेला बैलाच्या मानेनं घासून घासून आलेली चकाकी. बाळंतिणीला तिथे कुणी बसूही देणार नाही, मग बाळाला निजवणं दूरच. लूक गोठ्याचा उल्लेखही करत नाही, बरं का. उतारशाळेत जागा नव्हती आणि मूल गव्हाणीत ठेवलं, एवढंच तो सांगतो. बैल आणि गाढव पुढे परंपरेनं आणून बांधले. मत्तय पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांबद्दल लिहितो, पण ते तीन होते असं कुठेच म्हणत नाही. पंचवीस डिसेंबर ही तारीखही शुभवर्तमानांत नाही. रोममध्ये तिचा माग चौथ्या शतकापर्यंत लागतो. ही भर काढून टाकली की श्रद्धा उघडी पडेल, अशी भीती काहींना वाटते. मला उलट वाटतं. भर काढली की गव्हाण दिसते. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी असीसीच्या संत फ्रान्सिसने खरं गवत पसरून, खरा बैल आणि गाढव आणून नाताळची उपासना मांडली, तीही याचसाठी. बाळाची झालेली आबाळ त्याला डोळ्यांनी पाहायची होती. आज वसईत घरोघरी मांडले जाणारे नाताळचे गोठे त्याच वंशातले, फक्त वासाशिवायचे.

हे सगळं अंबाजोगाईत बसून लिहिताना कवी मुकुंदराजांना टाळून पुढे जाता येत नाही. त्यांची समाधी इथली. त्यांचा 'विवेकसिंधू' हा ग्रंथ शके 1110 मधला, म्हणजे इसवी सन 1188 चा, अशी परंपरा. विदर्भातलं आंभोरेही त्यांच्यावर हक्क सांगतं. तो वाद अभ्यासकांनी मिटवावा. मुकुंदराजांचा अद्वैतविचार सांगतो, की तुझ्यात आणि ब्रह्मात भेद नाही, अज्ञान फिटलं की कळेल. या गावात वाढलेल्या माणसाला 'देव माणूस झाला' म्हटल्यावर धक्का बसत नाही. तो शांतपणे म्हणतो, आहेच की.

म्हणूनच थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं मला फार कौतुक वाटतं. तो 1579 मध्ये गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि त्याचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोल इथे छापलं गेलं. मराठी ओव्या, पण अक्षरं रोमन. ओव्यांची संख्या दहा हजारांवर. त्याच काळात इकडे अंबाजोगाईत संतकवी दासोपंत 'गीतार्णव' लिहीत होते, आणि थंडीत अंगावर घ्यायच्या पासोडीवर वेदान्तातलं पंचीकरण उतरवत होते. दोघांच्या जन्मात दोन वर्षांचं अंतर. दासोपंत 1615 मध्ये गेले, पुढच्याच वर्षी ख्रिस्तपुराण छापून झालं. एकमेकांचं नावही त्यांच्या कानावर गेलं नसावं. पण दोघांचा श्रोता मात्र एकाच घडणीचा होता: ओवी ऐकणारा आणि अवतार ठाऊक असलेला. स्टीफन्सची खरी कसोटी तिथेच होती. ज्याला दहा अवतार पाठ आहेत, त्याला बेथलेहेमचं नवल वाटावं कसं?

कृष्णजन्म आठवा. बंदिवास, मध्यरात्र, जिवावर उठलेला राजा, बाळाला घेऊन पळणारा बाप. हेरोदाच्या भीतीनं योसेफ मिसरात जातो, तेव्हा मराठी माणसाला गोष्ट ओळखीची वाटणारच. पण भागवतात जन्मताच चतुर्भुज रूप दिसतं, बेड्या गळतात, यमुना वाट देते. बेथलेहेमात कुठलीच नदी दुभंगत नाही. मूल रडलं असेल, त्याला दूध हवं असेल, कुशीवर वळायलाही आईचा हात लागत असेल. पौल फिलिप्पैकरांना लिहितो, की ख्रिस्तानं स्वतःला रिकामं केलं. ख्रिस्ती श्रद्धा हे तंतोतंत खरं मानते: देवानं माणसाचं सोंग घेतलं नाही, त्याला खरोखर भूक लागली. हे पचवणं ख्रिस्ती माणसांनाही सोपं गेलेलं नाही. 325 मध्ये निकायाच्या परिषदेत बिशप भांडले ते यावरच, की हा पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा, की निर्माण केलेला कुणी थोर? थोर म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. त्यांनी अवघड ते निवडलं.

या अवघडपणाची जाणीव मला देवळातल्या झुंबराखाली कमी होते आणि डिसेंबरात बीड जिल्ह्याच्या रस्त्यांवर जास्त. दिवाळी सरली की इथली गावं अर्धी रिकामी होतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात आणि ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. मुक्काम कोपीत: चार बांबू, पाचट, वर ताडपत्री. दिवस भरत आलेल्या बायकाही मोळ्या वाहतात. काहींचं बाळंतपण फडातच होतं. दुपारी फडाच्या कडेला साडीची झोळी बांधलेली दिसते. कैसर औगुस्ताच्या हुकमावरून नासरेथहून शंभरावर किलोमीटर चालत निघालेलं ते जोडपं मला या वाटेवर कळतं. त्यांनाही न येण्याची मुभा नव्हती.

पण इथे सावध राहायला हवं. गरिबी पवित्र असते असा निष्कर्ष यातून काढणं सोयीचं आहे, आणि खोटं. कोपीत काही पवित्र नाही; तिथे पाणी नसतं, दाई नसते, आणि त्याचा जाब मुकादमाला, कारखान्याला, सरकारला विचारायलाच हवा. नाताळ एवढंच म्हणतो, की देवाला यायचं होतं तेव्हा त्यानं ही जागा टाळली नाही. बाळाचे हाल गोड वाटायला लागले, तर गव्हाण पुन्हा देखावा झाली म्हणायची.

श्रद्धेनं नवल परत मिळतं असं म्हणतात. मला ते मेंढपाळांच्या पद्धतीनंच पटतं: सांगितलेल्या जागी जायचं आणि जे आहे ते पाहायचं. लूक म्हणतो, ते देवाची स्तुती करत परत गेले. परत म्हणजे मेंढरांकडेच, दुसरीकडे कुठे? येशूनं कामाला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. मधली सगळी वर्षं त्या मेंढपाळांना पुढचं काहीच कळलं नसणार. कळपातली मेंढरं कितीदा बदलली असतील. जे त्या रात्री पन्नाशीत होते, ते पुढचा एकही शब्द कानी न पडता मेले असतील, आणि त्यांच्या नातवंडांनी ती गोष्ट म्हाताऱ्याची बडबड म्हणून ऐकली असेल.